वाहती वाट आणि मोडलेली वाट : नर्मदाकाठच्या प्रवासवाङ्मयातील ‘दुर्गम’ या शब्दाची चिकित्सा

१

मराठीत ‘वाहणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी नांदते. नदी वाहते आणि माणूस ओझे वाहतो. दोन्ही अर्थांचे मूळ संस्कृत ‘वह्’ या एकाच धातूत असल्याने कोशकाराला त्यात विशेष असे काही जाणवत नाही. परंतु खडकाळ नदीतून लहान होडीने जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले, तर या दोन अर्थांत एक संपूर्ण प्रवासपद्धती सामावलेली आढळते. पाणी खोल आणि संथ आहे तोवर होडी माणसाला वाहते. खडक, प्रपात किंवा अरुंद धार आडवी आली की माणूस होडीला वाहतो; काठच्या वाटेने ती खांद्यावर घेऊन अडथळा ओलांडतो आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडतो. उत्तर अमेरिकेतील फ्रेंच नावाड्यांनी अशा वाटेला ‘पोर्टेज’ हे नाव दिले. तो शब्दही ‘वाहून नेणे’ याच अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला आहे.

मराठीत या क्रियापदाचा तिसराही एक प्रयोग आहे. ज्या रस्त्याने लोकांची सतत ये-जा असते तो ‘वाहता रस्ता’ होय. याउलट जिच्यावरून पावले पडेनाशी होतात ती वाट ‘मोडते’. वाट मोडण्यासाठी कोणी ती तोडावी लागत नाही. चालणारा नाहीसा झाला एवढे पुरे होते. म्हणजे वाट ही जमिनीची स्थिती नसून चालणाऱ्यांच्या सातत्याचे फळ आहे, हे मराठी भाषेने आपल्या व्यवहारात केव्हाच मान्य केलेले आहे. मराठी प्रवासवाङ्मयाने मात्र ते पुरतेपणी मान्य केलेले दिसत नाही. खानदेशच्या उत्तर सीमेवरील नर्मदेच्या खोऱ्यासंबंधी जे लेखन झाले, त्यात ‘दुर्गम’ हे विशेषण ज्या सहजतेने वापरले जाते, ती सहजता या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

२

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या रहिवाशांची नित्य परिचयाची नदी तापी आहे. मुलताईला उगम पावलेली ही नदी खानदेशात सपाट, काळ्या मातीच्या मुलुखातून उंच काठांमधून वाहते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते, मुडावद येथे पांझरा आणि प्रकाशा येथे गोमाई. या तिन्ही संगमांवर देवस्थाने आहेत आणि तेथे लोक नदीकडे जातात. क्वचित नदी ओलांडतात. नदीच्या पात्रातून, तिच्या प्रवाहाबरोबर दूरवर प्रवास करण्याची रीत मात्र येथे मुख्य नव्हे. नदीसंबंधी मराठीत रूढ असलेले शब्दच पाहावेत. ‘उतार’ म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा. ‘तर’ म्हणजे होडीने पलीकडे नेण्याची सोय. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थही पाण्यात उतरण्याची, तरून जाण्याची जागा असाच आहे. ‘घाट’ हा शब्द डोंगर उतरण्याच्या वाटेला आणि पाण्यात उतरण्याच्या पायऱ्यांना सारखाच लागू पडतो. ही सारी शब्दसंपत्ती नदी आडवी ओलांडणाऱ्यांची आहे. नदीच्या लांबीने जाणाऱ्याला, आणि विशेषतः होडी खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला, या संपत्तीतून फारसे काही मिळत नाही.

सातपुड्याच्या पलीकडे परिस्थिती निराळी आहे. सातपुडा व विंध्य यांच्यामध्ये चेपलेली नर्मदा अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांच्या उत्तर कडेने वाहते. हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा निराळा झाला. येथे मैदान नाही, गाडीवाट नाही. डोंगराच्या सोंडा थेट पात्रात उतरतात आणि दोन सोंडांमधल्या ओहोळाच्या आधाराने भिल्ल व पावरा समाजाचे पाडे वसलेले असतात. परिक्रमावासी ज्या प्रदेशाला ‘शूलपाणीची झाडी’ म्हणतात तो हाच. या एकाच खोऱ्याविषयी तीन जातींचे लेखन उपलब्ध आहे : जलमार्गाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे, परिक्रमा करणाऱ्या यात्रिकांचे, आणि तेथेच जन्मलेल्या माणसांच्या निवेदनांचे. या तिन्हींची तुलना केल्यास ‘दुर्गम’ या शब्दाचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते.

३

इंग्रजी अंमलात नर्मदेतून मालवाहू नावा चालवता येतील काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गांभीर्याने विचारला गेला. माळवा व निमाड येथील माल भडोचच्या बंदरापर्यंत पाण्याने नेता आला असता, तर डोंगरातील रस्त्यांचा खर्च वाचला असता. या हेतूने लेफ्टनंट कीटिंग याने धारडीच्या प्रपातापासून मंडलेश्वरपर्यंत आणि लेफ्टनंट इव्हान्स याने मंडलेश्वरपासून भडोचपर्यंत नदीतून प्रवास केला. त्यांची प्रतिवृत्ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४७ मध्ये छापली गेली. यांपैकी दुसऱ्या टप्प्यातच खानदेशच्या उत्तर कडेचे खोरे येते.

पाहणीच्या लेखनाची दृष्टी तिच्या प्रश्नातच ठरून जाते. माल इथून तिथे जाईल की नाही, एवढेच तिला विचारायचे असते. म्हणून नदी तिच्या दृष्टीने एक सलग रेघ होते आणि खडक म्हणजे त्या रेघेतील खंड. या लेखनात प्रदेशाला पवित्रही म्हटले जात नाही आणि भयानकही नाही. तो ‘नौकानयनास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असतो. निकाल अखेर अयोग्यतेच्या बाजूने लागला. भडोचपासून वर काही अंतरापर्यंत नावा चालत राहिल्या, पण मधले खोरे मालवाहतुकीला खुले झाले नाही. पुढे लोहमार्ग आल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

या खोऱ्यातील एका जागेचे नाव या संदर्भात बोलके आहे. बडवानीच्या खाली जेथे पात्र खडकांमध्ये आवळले जाते, त्या जागेला ‘हिरणफाळ’ म्हणतात. शेजारच्या गुजरातीत ‘फाळ’ म्हणजे झेप; हरिणाने एका झेपेत ओलांडावी इतकी नदी येथे अरुंद झाली आहे, असा नावाचा आशय. नदीच्या लांबीने येणाऱ्या नावाड्याला हीच जागा अडथळा वाटते. परंतु नाव ठेवणारा लांबीने येत नव्हता. तो काठावर उभा होता आणि त्याला रुंदी दिसत होती. एकाच खडकाला एकाने खंड म्हणावे आणि दुसऱ्याने दुवा म्हणावे, असा हा प्रकार आहे. पाहणीने नाव जसेच्या तसे उचलले, पण नाव ठेवणाऱ्याची दृष्टी तिच्या प्रश्नात बसणारी नव्हती. ‘अगम्य’ हा निष्कर्ष मालाच्या गाठोड्यापुरता खरा होता. पुढच्या लेखनात तो प्रदेशाचा गुणधर्म होऊन बसला.

४

दुसरे लेखन परिक्रमेचे. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी सदैव उजव्या हाताला ठेवून चालतो आणि ती कोठेही ओलांडत नाही. होडीत तो बसतो ते केवळ समुद्रसंगमाशी, दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर जाण्यासाठी. म्हणजे परिक्रमेचे वाङ्मय हे स्वभावतःच काठाचे वाङ्मय आहे. मराठीत या वाङ्मयाला मोठी प्रतिष्ठा लाभली. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी त्यांच्या स्वतःच्या परिक्रमेच्या अनुभवावर उभी आहे. अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने असंख्य मराठी वाचकांना प्रत्यक्ष परिक्रमेकडे वळवले. दांडेकरांनी शीर्षकातच यात्रिकाचे नाव टाळले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चालणारा आपले नाव गाळून चालू लागतो, आणि त्यामुळे वाट ही कथेची खरी नायिका होते. मराठी गद्यात वाटेला एवढे स्थान क्वचितच मिळाले असेल, आणि या परंपरेचे हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि शूलपाणीच्या झाडीचा भाग आला की या परंपरेच्या वाक्यरचनेत एक ठराविक बदल होतो. तोवर यात्रिक चालतो, विचारतो, भिक्षा मागतो, मुक्काम करतो. वाक्यांचा कर्ता स्पष्ट असतो. झाडीत वाट ‘हरवते’, मग वाट ‘सापडते’. कोणी हरवली हे कळते. कोणी दाखवली याचे उत्तर द्यावे लागते तेव्हा ते लौकिक भाषेत क्वचित येते. एखादी मुलगी, एखादा म्हातारा वाटेवर भेटतो, पाऊलवाटेकडे बोट दाखवतो आणि दिसेनासा होतो. ती नर्मदामैया होती, तो अश्वत्थामा होता, असा उलगडा मागाहून होतो. याच झाडीत यात्रिकाला लुटणारेही भेटतात. त्यांच्या बाबतीत मात्र उलगड्याची गरज भासत नाही. ते भिल्ल असतात.

या दोन वाक्यप्रकारांची जोडी हा या वाङ्मयाचा सर्वांत विचारार्ह विशेष आहे. देणारा आणि घेणारा दोघेही बहुधा एकाच पाड्यातले. त्यांपैकी घेणाऱ्याला जात मिळते, देणाऱ्याला देवत्व. दोन्हींत माणूस म्हणून त्याची नोंद होत नाही. वाट दाखवणारी मुलगी त्या वाटेने रोज पाण्याला जात असेल, म्हणूनच तिला ती ठाऊक असेल, हा साधा निष्कर्ष भक्तीच्या तेजात दिसेनासा होतो. श्रद्धेला येथे दोष द्यायचा नाही. अनोळखी माणसात देव पाहणे ही उदार वृत्ती आहे. पण तिचा भाषिक परिणाम असा होतो की वाट राखणारा समाज कथेतून वजा होतो आणि वाट ही कृपेने उमटलेली रेषा ठरते.

परिक्रमेच्या बोलीत या लुटारूंना ‘मामा’ म्हणण्याची रीत आहे. नर्मदा ही माता, म्हणून तिच्या काठचे भिल्ल मामा, असा तिचा अर्थ लावला जातो. हे संबोधन विनोदाने वापरले जात असले, तरी ते निवेदनापेक्षा अधिक जाणते आहे. आपल्याकडे भाच्याला मामाच्या घरी हक्क असतो. परंतु घर मामाचे असते. ज्या मुलुखाला यात्रिक निर्जन अरण्य म्हणून वर्णितो, त्याच मुलुखात आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत, हे त्या एका नातेवाचक शब्दाने नकळत कबूल केले आहे. निवेदनाने ही कबुली पुढे नेली असती, तर परिक्रमेच्या वाङ्मयाला निराळीच खोली लाभली असती.

५

हा दोष मराठीपुरता नाही. उत्तर अमेरिकेत होडीच्या प्रवासाचे वाङ्मय विपुल आहे आणि ‘अरण्य’ ही तेथील लेखकांची आवडती कल्पना आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्यविषयक कायद्याने तर अरण्याच्या व्याख्येतच माणसाला वास्तव्य न करणारा पाहुणा ठरवले. वस्तुतः त्या सरोवरांमधल्या वाटा पाहुण्यांनी पाडलेल्या नव्हत्या. ओजिब्वे लोकांच्या भाषेत होडी वाहून नेण्याच्या जागेला ‘ओनिगम’ असा स्वतंत्र शब्द आहे. सुपीरिअर सरोवराच्या काठावरील ‘ग्रँड पोर्टेज’ हे प्रसिद्ध नाव म्हणजे ‘मोठे ओनिगम’ या स्थानिक नावाचेच भाषांतर. सुमारे १४ किलोमीटरांच्या त्या वाटेवरून केसाळ कातड्यांच्या व्यापारातील हमाल प्रत्येकी ४० किलोंच्या दोन-दोन गाठी पाठीवर घेऊन जात. वाट आधीची होती; व्यापार तिच्यावर मागून आला.

एरिक सेव्हराइड या पुढे विख्यात झालेल्या वार्ताहराने १९३० मध्ये, शाळा संपताच, एका मित्राबरोबर मिनिआपोलिसपासून हडसनच्या उपसागरापर्यंत सुमारे ३,६०० किलोमीटर होडीने प्रवास केला. त्याचे वर्णन १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्याच्या शीर्षकात क्री लोकांचे नाव होते. शिकार व सापळे यांसाठी या वाटांनी हिंडणारी कुटुंबे पुढे वस्त्यांत स्थिरावली, विमाने व यंत्रवाहने आली, आणि उत्तरेकडील अनेक वाटांवर झाडे वाढली. आजचा हौशी प्रवासी अशा ठिकाणी पोचतो तेव्हा ‘वाटेची निगा राखलेली नाही’ असे लिहितो. निगा ही एखाद्या खात्याची जबाबदारी असावी, असा त्या वाक्याचा सूर असतो. मराठीत तेच वाक्य ‘वाट मोडली आहे’ असे होईल, आणि ऐकणारा लगेच विचारील की तिच्यावरून जाणारे कोठे गेले. या ठिकाणी मराठी वाक्प्रचार अधिक सत्यनिष्ठ आहे. प्रश्न एवढाच की मराठी लेखकाने तो नर्मदाकाठी किती वापरला.

६

नर्मदाकाठी चालणारे कोठे गेले, हा प्रश्न आज अलंकारिक राहिलेला नाही. सरदार सरोवराच्या भिंतीमागे पाणी साठू लागल्यावर महाराष्ट्रात प्रथम मणिबेलीला त्याची झळ बसली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचला. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर बुडाले. काठाकाठाने एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जाणाऱ्या पाऊलवाटा बुडाल्या. झाडीतून जाणारी परिक्रमेची जुनी वाट तुटल्याने अनेक यात्रिक आता खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा असा वळसा घेतात. नर्मदेच्या परिक्रमेत तापीचा काठ येऊ लागला आहे.

यात्रिकाला वळसा घेता येतो. काठावर उरलेल्या पाड्यांना तो घेता येत नाही. ज्या नदीतून नावा चालणार नाहीत असा निकाल १८४७ नंतर पडला होता, तेथे आता होडी हेच दळणवळणाचे मुख्य साधन झाले. खडक पाण्याखाली गेले, हिरणफाळीसारख्या अडथळ्यांचा प्रश्न उरला नाही; पण होडी आणि घर यांच्यामध्ये एक नवा अडथळा उत्पन्न झाला. जलाशयाची पातळी ऋतूप्रमाणे चढते-उतरते, म्हणून उतरण्याची जागा कायम राहत नाही. पाणी ओसरले की चिखल आणि उघडा उतार उरतो. त्या उतारावरची वाट दरवर्षी नव्याने पाडावी लागते आणि पाडलेली पुन्हा बुडते. धान्य, तेल, औषधे डोक्यावरून चढवावी लागतात. आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावरून उतरवावा लागतो. होडी माणसाला वाहते आणि पुढे माणूस माणसाला वाहतो. अमेरिकेतील हौशी प्रवासी ज्या अनुभवाच्या शोधात हजारो मैल जातो, तो येथे दवाखान्याला जाण्याचा नित्यक्रम आहे.

२०२० मध्ये साथीच्या काळात लोक अंगणवाडीपर्यंत येईनासे झाले, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत पलीकडच्या पाड्यांतील बालके व गरोदर स्त्रिया यांच्यापर्यंत आहार पोचवला. वृत्तपत्रांतून या कामाचे योग्य कौतुक झाले. त्या वृत्तांची भाषा मात्र परिचित वळणाची होती : ‘अतिदुर्गम भाग’, ‘जीव धोक्यात घालून’, ‘निसर्गाशी झुंज’. निसर्गाशी झुंज हा शब्दप्रयोग येथे सरळ चुकीचा आहे. तिच्यापुढचे पाणी माणसांनी अडवलेले होते. काठची वाट माणसांच्या निर्णयाने बुडाली होती. ‘दुर्गम’ हे विशेषण जमिनीला जोडल्यामुळे हा कर्ता वाक्यातून गळाला, आणि कर्त्याबरोबर उत्तरदायित्वही गळाले. परिक्रमेच्या निवेदनात वाट दाखवणारा गळतो, शासकीय व वृत्तपत्रीय निवेदनात वाट बुडवणारा गळतो. व्याकरणाचा उपाय दोन्हीकडे तोच.

याच्याशेजारी तिसरे लेखन ठेवून पाहावे. नंदिनी ओझा यांनी सिद्ध केलेल्या ‘लढा नर्मदेचा’ (२०१७) या पुस्तकात निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे यांची मौखिक निवेदने आहेत. मौखिक इतिहास म्हणून त्याचे मोल निराळे मोजावे लागेल. येथे एवढेच नोंदवायचे की निवेदकाची जागा बदलताच नकाशा फिरतो. बोलणारा प्रदेशाच्या आतून बोलतो. त्याच्या दृष्टीने कचेरी, तालुका, राजधानी या लांबच्या जागा असतात. आपल्या घराला कोणी दुर्गम म्हणत नाही. दुर्गम असते ते कार्यालय, जेथे दहा खेपा घालूनही काम होत नाही.

७

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. परिक्रमेचे लेखन हे साधकाचे लेखन आहे; अरण्य त्याच्या कसोटीचे स्थान आहे; त्याच्याकडून समाजशास्त्रीय नोंदींची अपेक्षा करणे म्हणजे अभंगाकडून सातबारा मागण्यासारखे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. कलाकृतीने जे करण्याचे ठरवले नाही त्याबद्दल तिला दंड करणे हे समीक्षेचे काम नव्हे. दांडेकरांच्या नामहीन यात्रिकाला भिल्लांची शिरगणती करायला लावणे हास्यास्पद होईल.

परंतु मूळ मुद्दा नोंदींचा नाही. आध्यात्मिक अनुभवाच्या कसाचाच तो प्रश्न आहे. अहंकार गळावा म्हणून यात्रिक नाव टाकून चालतो. आपण ज्या वाटेने आलो ती इतरांच्या पावलांनी राखलेली होती, हे उमगणे अहंकार गळण्याच्या वाटेवरचे मोठे पाऊल ठरले असते. वाट दैवी कृपेने आपल्यापुरती उमटली, या समजुतीत यात्रिक पुन्हा केंद्रस्थानी येतो. म्हणून या वाङ्मयात जेथे माणसाचा उल्लेख गळतो, तेथे त्याची साधनाही उणी पडते, असे म्हणण्यास जागा आहे. ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. त्या वाङ्मयाच्या स्वतःच्या ध्येयातूनच ती निघते.

‘दुर्गम’ हा शब्द भाषेतून काढून टाकण्याची गरज नाही. संस्कृतात तो बनला तेव्हा ‘गम्’ या धातूने जाणारा गृहीत धरलेलाच होता. जाणाऱ्यावाचून दुर्गमता संभवत नाही. वापरणाऱ्याने कोणाला, केव्हापासून आणि कोणामुळे हे तीन प्रश्न त्या शब्दापुढे ठेवावेत, म्हणजे पुरे. नर्मदेच्या खोऱ्यापुरती या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात. मालाच्या गाठोड्याला ते खोरे खडकांमुळे दुर्गम होते. यात्रिकाला ते अपरिचयामुळे दुर्गम होते. तेथील रहिवाशाला ते दुर्गम नव्हते. त्याच्या हयातीत, ज्ञात तारखांना, ते तसे झाले.

आज जलाशयाच्या उतारावर दर पावसाळ्यानंतर जी वाट नव्याने पाडली जाते, तिचे नाव कोणत्याही नकाशात नाही. खांद्यावर झोळी घेऊन माणसे तिच्यावरून चढतात आणि उतरतात, एवढ्यावरच ती वाहती आहे.